बघायला गेलं की पडतं

"…आणि न बघता चालवलं तर?" होसमनीबाईंनी विचारलं.

"न बघता चालवलं तर चालतंय की, बाई. दिवसभर चालतंय. बघायला गेलं की पडतं."

"प्रोग्राम पडतो?"

"तेच तर! प्रोग्राम ठणठणीत. डीबगर पडतोय. कुंपणानंच शेत खायला घेतलंय."

बाईंनी पावट्याची शेंग फोडली, दाणे परातीत टाकले आणि टरफल शेजारच्या पाटीत.

आता हा गडी कोण, ते आधी सांगतो. नाव शार्दूल इनामदार. वय छत्तीस. कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा जणांच्या टीमचा प्रमुख. डोकं तल्लख, आणि नाकावर माशी बसू देईल तर शपथ! टीममधली पोरं त्याच्या केबिनसमोरून जाताना आवाज न करता जायची. हा आदर आहे असं त्याला वाटायचं.

होसमनीबाई त्याच्या पॉलिटेक्निकमधल्या. तीस वर्षं पोरांना प्रोग्रामिंग शिकवलं, निवृत्त झाल्या आणि जोगटेकडीच्या मठात येऊन राहिल्या. भगवं नेसल्या नाहीत की कुणाला उपदेश करायला बसल्या नाहीत. सकाळी मठाच्या स्वयंपाकघरासाठी भाजी निवडायची, दुपारी वाचत पडायचं. तरी जुने विद्यार्थी अडले की टेकडी चढून यायचेच.

शार्दूल मात्र अडला म्हणून आलो असं म्हणायला तयार नव्हता. "इकडून चाललो होतो, म्हटलं बाईंना भेटून जावं," असं म्हणाला होता. जोगटेकडीवरून पुढं कुठं जायला रस्ताच नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि त्याच्यासाठी एक पाट सरकवला.

"डीबगर पडतो म्हणजे नेमकं कधी पडतो?"

"थांबवलं की."

शार्दूलनं सांगितलं ते असं. त्याच्या कंपनीचा प्रोग्राम तालुक्याच्या दवाखान्यांत चालतो. कोणता पेशंट कोणत्या वॉर्डात, त्याला कोणतं औषध किती वाजता, हे तो सांगतो. पंधरवड्यापूर्वी तक्रार आली की पेशंटचा वॉर्ड बदलला तर औषधाची वेळ चुकीची दिसते. चूक बारीक, पण औषधाच्या बाबतीत बारीक चूक म्हणजे काय ते सांगायला नको. नर्सबायका तेव्हापासून सगळ्या वेळा वहीत हातानं लिहीत होत्या.

चूक शोधायची तर डीबगर लागतो. चालता प्रोग्राम मधेच थांबवायचा, आणि आतल्या एकेका नोंदीला विचारायचं, बाई गं, तू कोण, तुझ्यात काय भरलंय? हे काम डीबगरचं. आणि नेमका तोच, प्रोग्राम थांबवला रे थांबवला, की स्वतः आडवा होत होता. नऊ दिवस झाले होते.

"कधीपासून?"

"लायब्ररी अपडेट केली तेव्हापासून."

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. आपण तो आणून आपल्या प्रोग्रामला जोडतो. तिची नवी आवृत्ती आली की अपडेट करायची. घराघरात होतं तसंच, पाहुणा बदलला की घराची घडी बदलते.

"कुणी केली अपडेट?"

शार्दूल याच प्रश्नाची वाट बघत होता. तो पाटावर सरसावून बसला.

"मेहरुन मुजावर म्हणून नवीन मुलगी आहे. तासगावची. सहा महिन्यांच्या परीक्षेवर घेतली होती, आज मुदत संपतेय. हुशार आहे, नाही असं नाही. पण घाई केली. चार वाजेपर्यंत मला साहेबांना अहवाल द्यायचाय. चूक कुणाची, असा रकाना असतो त्यात."

"मग?"

"मग काय, बाई. तिचंच नाव लिहावं लागणार. आणि ते लिहिलं की कायम करत नाहीत."

"तिला ठाऊक आहे?"

"असेल. सांगायला कशाला लागतं…"

हे म्हणताना त्याचा आवाज थोडा खाली गेला. मेहरुनची आई बेदाणा निवडायला जाते आणि त्या घरातली ही पहिली नोकरी, हे त्याला माहीत होतं. नाव लिहिताना हात जड होणार हेही माहीत होतं. म्हणून तर स्वारी टेकडी चढून आली होती. बाईंनी एकदा म्हटलं असतं, "हो रे बाबा, चूक तिचीच," की त्याला सुखानं झोप लागली असती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

"लायब्ररीच भिकार आहे, बाई," तो म्हणाला. "जुनी होती तेव्हा चार वर्षं डीबगर एकदाही पडला नाही. नवी आणली आणि पहिल्याच दिवशी पडला. यात आणखी काय शोधायचं?"

"अंगण वाकडं," बाई म्हणाल्या.

शार्दूलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणीचा पहिला अर्धा भाग बाईंनी मुद्दाम गाळलाय हे त्याला कळलं.

"नऊ दिवसांत काय काय केलंस?"

"काय नाही केलं ते विचारा. डीबगर काढून परत टाकला. दुसरा डीबगर आणून बघितला, तोही पडला. मशीन बदललं. मेमरी वाढवली. मेमरी वाढवली तर पडायला जास्त वेळ लागतोय, पण पडतोच."

बाईंचा हात थांबला.

"मेमरी वाढवली की जास्त वेळ लागतो?"

"हो. आधी दोन सेकंदांत पडायचा, आता सात सेकंद."

"तेवढा वेळ काय करतो तो?"

शार्दूल लॅपटॉपची पिशवी चाचपायला लागला.

"अरे, सात सेकंद तो काय करतो?"

"ते… बघितलं नाही, बाई."

"नऊ दिवसांत?"

शार्दूलला पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष आठवलं. फळ्यासमोर खडू हातात धरून उभं राहिल्यासारखंच आत्ता वाटत होतं. छत्तिसाव्या वर्षी! त्याला स्वतःचाच राग आला.

"त्या मुलीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? ती एकदा आली होती केबिनमध्ये. 'सर, अपडेट करायच्या आधी एक गोष्ट…' असं काहीतरी म्हणत होती. माझा कॉल चालला होता. मी म्हटलं, मेल कर."

"केला?"

"केला असेल. दिवसाला दोनशे मेल येतात, बाई."

बाईंनी पुढची शेंग घेतली. आतला दाणा किडका निघाला, तो बाजूला टाकला.

"गावात नवा माणूस दिसला की आपल्याकडं पहिलं काय विचारतात?"

या प्रश्नाचं काय करावं ते शार्दूलला कळेना. "कुणाचा रे तू, असं विचारतात."

"आणि तुझा डीबगर काय विचारतो?"

"तेच की. तू कोण, कुणाचा, तुझ्यात काय आहे."

"कुणाकुणाला?"

"समोर येईल त्याला. पेशंटच्या नोंदीला विचारतो, वॉर्डाच्या नोंदीला विचारतो."

"आणि त्या उत्तर देतात?"

"देतात ना! साधंसुधं नाही देत, सविस्तर देतात." शार्दूलच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा उजेड पडला. "ते माझंच काम आहे, बाई. चार वर्षांपूर्वी मी लिहिलं. तोवर नोंदीला विचारलं तर नुसता एक नंबर सांगायची. मी असं केलं की प्रत्येक नोंद आपली पूर्ण ओळख सांगेल. पेशंट म्हटला की त्याचा वॉर्ड आला. वॉर्ड म्हटला की त्यातले सगळे पेशंट आले. वर्धापनदिनाला शाल-श्रीफळ दिलं होतं त्याबद्दल."

"वा," बाई म्हणाल्या. खरोखरच कौतुकानं म्हणाल्या.

मग त्यांनी परात बाजूला केली. पदराला हात पुसले आणि शार्दूलकडं असं बघितलं, जणू तो आत्ताच पायऱ्या चढून वर आलाय.

"कुणाचा रे तू?"

"बाई, थट्टा करताय होय?"

"सांग की. कोण तू?"

"शार्दूल इनामदार. अकरा जणांच्या टीमचा प्रमुख."

"ते अकरा कोण?"

"माझ्या टीममधले."

"टीम कुणाची?"

"शार्दूल इनामदारची."

"तो कोण?"

"अहो, सांगितलं ना. अकरा जणांच्या टीमचा प्रमुख."

"ते अकरा कोण?"

"माझ्या टीममधले!"

"टीम कुणाची?"

"शार्दूल… बाई, काय चाललंय हे?"

"तो कोण?"

बाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आवाज चढला नव्हता. गावच्या वेशीवर बसलेलं म्हातारं माणूस विचारतं, तशा त्या विचारत होत्या, आणि पुन्हा विचारणार होत्या.

शार्दूल वैतागला. "असं तर संध्याकाळपर्यंत चालेल! तुम्ही मला विचारणार, मी टीम सांगणार, तुम्ही टीमला विचारणार, टीम मला सांगणार… कुठं थांबणार हे?"

"कुठं थांबणार?" बाईंनी विचारलं.

"कुठंच नाही! एकाला दम लागून तो पडेपर्यंत…"

आणि तो तोंड उघडं ठेवूनच थांबला.

…

"पेशंट वॉर्डाची ओळख सांगतो," शार्दूल हळूच म्हणाला, स्वतःशीच. "वॉर्ड पेशंटची सांगतो. तो पेशंट पुन्हा वॉर्डाची… अरे देवा. आणि प्रोग्राम चालताना कुणी कुणाला ओळख विचारतच नाही. ओळख विचारतो तो एकटा डीबगर. म्हणून तोच पडतो."

"हं."

"म्हणजे हे… माझं आहे?"

बाईंनी पाटीतली टरफलं खाली दाबली.

"पण चार वर्षं कसं चाललं मग? चार वर्षं का नाही पडला?"

"ते मला काय माहीत? तुझी लायब्ररी," बाई म्हणाल्या आणि परात पुन्हा मांडीवर घेतली.

शार्दूलनं लॅपटॉप उघडला. नव्या आवृत्तीसोबत लायब्ररीवाल्यांनी काय बदललं त्याची यादी दिली होती. लांबलचक यादी. नऊ दिवस तो त्या लायब्ररीला शिव्या देत होता आणि ही यादी त्यानं एकदाही उघडली नव्हती. चौदाव्या ओळीत होतं ते. आजवर ओळख फार लांबली तर लायब्ररी तिसऱ्या पायरीवर ती गुपचूप तोडून टाकायची. यापुढे तोडणार नाही. ज्यानं ओळख लिहिली, त्यानं कुठं थांबायचं ते ठरवावं.

त्यानं ती ओळ तीनदा वाचली. चार वर्षं कुणीतरी त्याची चूक पदराआड झाकत होतं, आणि त्याच चुकीसाठी तो शाल पांघरून बसला होता. लाज वाटली. चांगली सणसणीत लाज वाटली.

मग त्यानं मेलमध्ये मेहरुनचं नाव टाकून शोधलं. अकरा दिवसांपूर्वीचा मेल सापडला. न वाचलेला. चारच ओळी होत्या.

'सर, नवीन आवृत्तीत ओळख तोडणं बंद केलंय. आपल्या नोंदी एकमेकांची ओळख सांगतात, त्यामुळे डीबगर अडकेल असं मला वाटतं. अपडेट करायच्या आधी तुम्ही एकदा बघाल का? तुमचा कोड आहे म्हणून मी हात लावला नाही.'

खाली त्याचंच उत्तर होतं. मेल न उघडता फोनवरून एका बोटानं धाडलेलं. 'ओके, गो अहेड.'

शार्दूलनं लॅपटॉप बाईंकडं वळवला. बाईंनी चष्मा वर सरकवून वाचलं आणि लॅपटॉप परत त्याच्याकडं वळवला.

"बाई…"

"फोन लागतो इथं. त्या पिंपळाच्या बाजूला जा, तिथं चांगला लागतो."

तो पिंपळाखाली गेला. मेहरुननं पहिल्याच रिंगला उचलला.

"हां सर." आवाजात धास्ती होती. मागं काहीतरी सरकवल्याचा, कागद फाडल्याचा आवाज येत होता.

"काय करतेयस?"

"टेबल आवरतेय, सर. आज मुदत संपतेय ना… म्हटलं उगीच शेवटी गडबड नको."

अकरा लोकांचा प्रमुख तो, आणि त्यातली एक आपलं टेबल आवरून ठेवते आणि त्याला पत्ता नाही.

"मेहरुन, तू त्या दिवशी केबिनमध्ये काय सांगायला आली होतीस?"

"जाऊ दे ना, सर."

"नाही, सांग. सगळं सांग. मी मधे बोलणार नाही."

पलीकडं कागदांचा आवाज थांबला. बहुधा तिचा विश्वास बसला नसावा. मग ती बोलायला लागली. आधी अडखळत, वाक्य अर्धं टाकत, "म्हणजे मला असं वाटतं, सर," असं दर दोन वाक्यांनी म्हणत. मग हळूहळू तिला जोर आला. चार-पाच मिनिटं बोलली. शार्दूलला तीनदा मधे तोंड घालावंसं वाटलं, तीनदा त्यानं दातांखाली ओठ धरला. माणसाला सवय मोडताना किती कष्ट पडतात ते त्या पिंपळालाच माहीत.

"…पेशंटनं वॉर्डाचं फक्त नाव सांगायचं, सर. अख्ख्या वॉर्डाला बोलवायला जायचं नाही. एवढंच. मी दुरुस्ती लिहून वेगळी ठेवलीय. पाच ओळींची आहे. पण तुमचा कोड म्हणून…"

"झालं बोलून?"

"हो सर. सॉरी सर."

"सॉरी मी म्हणायचं. चूक माझी आहे, मेहरुन. पहिल्यापासून माझीच. ती दुरुस्ती टाक आणि चालव. मी फोन धरून थांबतो."

कळफलकाचा आवाज आला. पाच ओळी, पण शार्दूलला तेवढा वेळ तासासारखा गेला. नऊ दिवसांत त्याला एवढी धाकधूक झाली नव्हती.

"थांबवला, सर."

"आणि?"

"पडला नाही."

"नाही पडला?"

"नाही सर! उभा आहे!" आणि पोरगी हसली. तिच्या मागं आणखी कुणीतरी ओरडलं, खुर्च्या सरकल्या. सहा महिन्यांत शार्दूलनं तिला हसताना ऐकलंच नव्हतं, हे त्याला आत्ता उमगलं. "आणि सर… एक मिनिट हं… औषधाच्या वेळेचं पण दिसतंय. वॉर्ड बदलला तरी वेळ जुन्याच वॉर्डाकडून येतेय. इथंच आहे. मला वाटतं, जेवायच्या सुट्टीपर्यंत होईल."

"तू बघ ते. तुझ्या पद्धतीनं बघ."

"मी?"

"तूच. आणि ते टेबल परत मांड."

फोन ठेवून शार्दूल तिथंच जरा वेळ उभा राहिला. छाती हलकी झाली होती. आजच्या आज नर्सबायकांच्या वह्या मिटतील, हे मनात आलं आणि त्याला एकदम भूक लागली.

तो बाईंजवळ येऊन बसला. अहवाल उघडला. चूक कुणाची, या रकान्यात आधी लिहून ठेवलेलं नाव त्यानं पुसलं. आपलं लिहिलं. खाली मेहरुनचा मेल जसाच्या तसा जोडला, आपल्या उत्तरासकट. तिला कायम करावं आणि हे कोडं तिनं सोडवलं अशी नोंद व्हावी, असंही लिहिलं.

पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं, आणि बोट तिथंच राहिलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही… बाई, खरं सांगू? साहेबांची भीती नाही वाटत. साहेब काय, चार शब्द बोलतील, विसरतील. पण टीममधली पोरं… चार वर्षं त्यांच्यापुढं मी कधी चुकलो नाही. एकाची हिंमत नव्हती मला काही बोलायची. आता सगळ्यांना कळणार. सोमवारी मी ऑफिसात पाऊल टाकलं की माझ्या तोंडावर बोलतील."

बाईंनी शेवटची शेंग सोलली. परातीतले दाणे हातानं सारखे केले आणि मग त्याच्याकडं बघितलं. आता मात्र त्या हसत होत्या.

"बोलतील ना? … मग झालं की."